शुक्रवारचे चाळीस सेकंद

गुरुवारी सकाळी साडेदहाला नीलिमाने वडिलांच्या टेबलाचा खालचा खण उघडला. बाबा जाऊन पावणेदोन महिने झाले होते आणि आज आवरू, उद्या आवरू म्हणत तिने त्या टेबलाला हात लावला नव्हता. खणात चष्म्याची जुनी केस निघाली, दोन स्क्रू-ड्रायव्हर, कुरिअरचं एक रिकामं खोकं आणि निळ्या पुठ्ठ्याची वही. वहीत शिसपेन्सिलीने लिहिलेलं बाबांचं बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. शेवटच्या लिहिलेल्या पानावर तारीख होती, ते जायच्या सोळा दिवस आधीची.

"गुरुवारी दिवसभर वीज नव्हती. शुक्रवारी सकाळी बोर्ड लावला. पहिले चाळीस सेकंद लाल बटण दाबलेलं असूनही बोर्ड 'दाबलेलं नाही' असंच सांगत राहतो. मग आपोआप सुधारतो. पुढच्या गुरुवारी मुद्दाम दहा तास बंद ठेवून पाहिला. पुन्हा तेच. एरवी कितीही वेळा बंद-चालू करा, चूक दिसत नाही. हे कुणालाही द्यायचं नाही. पत्रा वाकवणारा जड बीम खाली येतो तेव्हा माणसाचे हात आत असतात."

'कुणालाही'खाली दोनदा रेघ मारली होती.

नीलिमाने ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना अक्षरं हलायला लागली, म्हणून तिने वही टेबलावर ठेवली आणि दोन्ही तळहात तिच्यावर दाबून धरले. कारण जे कुणालाही द्यायचं नव्हतं, ते गेल्या शनिवारी संध्याकाळी, चहाचा कप बाजूला ठेवून, तिने स्वतः सगळ्या जगाला देऊन टाकलं होतं.

श्रीपादराव चिंचवडच्या एका कारखान्यात तेहतीस वर्षं मशीन-दुरुस्ती खात्यात होते. निवृत्त झाल्यावर रहाटणीच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत त्यांनी एक सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. नाव ठेवलं 'सांधा'. जुन्या, धडधाकट पण डोकं गेलेल्या मशीनला साधा कंप्युटर जोडायचा आणि तिला पुन्हा कामाला लावायचं, एवढंच ते सॉफ्टवेअर करायचं. तळवड्यात, चाकणला, कुदळवाडीत अशा शेकडो मशीन गंजत पडल्या होत्या. श्रीपादरावांनी 'सांधा' इंटरनेटवर ठेवलं. कुणीही घ्यावं, वापरावं, हवं तर बदलावं. हळूहळू कुठल्या कुठल्या देशांतली माणसं ते वापरू लागली. इंग्रजीत लिहायचं म्हटलं की श्रीपादराव अवघडत, म्हणून प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबरची सूचना नीलिमा लिहून द्यायची. ती कॉलेजात मराठी शिकवत होती, पण इंग्रजीही चांगलं होतं. पासवर्ड तिला माहीत होते. नवी आवृत्ती कशी सोडायची, हेही बघून बघून पाठ झालं होतं. यातलं यंत्राचं तिला काही कळत नव्हतं आणि ते कळत नाही याची आजवर कधी अडचण आली नव्हती.

दीड वर्षापूर्वी बाजारात कंप्युटर आणि मशीन यांच्यामध्ये बसणारा एक स्वस्त इलेक्ट्रॉनिक बोर्ड आला आणि लोकांनी श्रीपादरावांचा पिच्छा पुरवला. हा बोर्ड 'सांध्या'वर चालवून द्या. आधी विनंत्या आल्या, मग तगादे, मग शिव्या. "म्हाताऱ्याला स्वतःचं राज्य सोडवत नाही." "दोन ओळींचं काम आहे, माज किती." श्रीपादराव प्रत्येकाला एकच उत्तर देत: लोक या बोर्डावर मशीन तिथल्या तिथे थांबवायचं लाल बटणसुद्धा घेतील. लाल बटणाची वायर सरळ मुख्य विजेवर गेली पाहिजे, मध्ये कंप्युटर नको. ते उत्तर वाचून लोक आणखी चिडायचे. शेवटी तळवड्याच्या एका गाळेवाल्याने तो बोर्डच कुरिअरने रहाटणीला पाठवला. खोक्यात चिठ्ठी होती: "आता तरी करा. नाहीतर येऊन दारात बसतो." श्रीपादराव हसले आणि कामाला लागले. चार महिने ते त्या बोर्डाशी झटत होते. ते गेले तेव्हा काम पूर्ण होऊन कंप्युटरमध्ये पडून होतं.

नीलिमाला ते सापडलं. गेल्या शुक्रवारी 'सांध्या'च्या पानावर त्याच तळवडेवाल्याचं एक वाक्य आलं: "उत्तर नाही, काही नाही. मेला की काय हा?" त्याने विचारलं होतं ते खरंच होतं. तिने रात्रभर ते वाक्य डोक्यात घोळवलं आणि शनिवारी ठरवलं की बाबांनी पूर्ण केलेलं काम लोकांना द्यायचं, म्हणजे ही तोंडं बंद होतील. बाबांनी ते का अडवून धरलं असेल, असा प्रश्न तिच्या मनात आला नाही. आजारी माणसाच्या हातून राहून गेलं, असंच तिने धरलं.

शनिवारपासून आजपर्यंत एकसष्ट जणांनी ते उतरवून घेतलं होतं.

अकरा वाजता तिने आवृत्ती काढून टाकली. इंग्रजीत, मराठीत, हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहिलं: ताबडतोब थांबा, लाल बटण या बोर्डावर असेल तर मशीन लावू नका. उत्तरं येऊ लागली. परदेशातल्या एकाने लिहिलं, आमच्याकडे बटणाची वायर वेगळीच असते, तरी काढतो, आभार. दुसऱ्याने लिहिलं, दिलेलं परत घेता, हा काय पोरखेळ आहे? तिसऱ्याने लिहिलं, तू कोण? मूळ माणसाला बोलव.

ती पानावर खाली सरकत गेली आणि मंगळवारचा एक मजकूर पुन्हा तिच्या डोळ्यांसमोर आला. तळवडेवाल्याचाच होता. मंगळवारी तो वाचून तिला बरं वाटलं होतं. "लागलं! मस्त चालतंय. लाल बटणपण यावरच घेतलं, जुनी भानगड काढून टाकली."

आज गुरुवार. पिंपरी-चिंचवडच्या गाळ्यांची सुट्टी गुरुवारची, कारण वीजही गुरुवारीच दुरुस्तीला घेतात. एरवी रात्री मशीन थांबली तरी गाळेवाले कंप्युटर आणि बोर्ड चालूच ठेवतात. जुना कंप्युटर एकदा झोपवला की उठेलच याचा भरवसा नसतो. दहा-दहा तास सगळं मेलेलं असतं ते आठवड्यातून एकदाच. उद्या शुक्रवार होता.

तिने कुरिअरचं खोकं उलटंसुलटं केलं. पाठवणाऱ्याचा पत्ता पुसट झाला होता, पण नंबर वाचता येत होता.

"हॅलो, कोण?" मागे ढोल वाजत होते, माणसं ओरडत होती.

"मी नीलिमा बोलतेय, रहाटणीहून. 'सांधा'वाले श्रीपादराव, त्यांची मुलगी."

"ओहो! सांधावाले काका! नमस्कार सांगा त्यांना. म्हणावं बंटीने सांगितलंय, एक नंबर काम केलंत. जरा बाहेर येतो हां, गावाला आलोय जुन्नरकडं, जत्रा आहे." ढोलांचा आवाज लांब गेला. "बोला ताई."

"बाबा गेले. दोन महिने होत आले."

मग तो म्हणाला, "अरे... माहीत नव्हतं हो. खरंच नव्हतं माहीत." आणि थोड्या वेळाने, "मग हे अपडेट कुणी टाकलं?"

"मी."

"तुम्ही कंप्युटरमध्ये आहात?"

"नाही. मी मराठी शिकवते. ऐका, बंटीभाऊ, माझी चूक झालीये. तो बोर्ड दहा तास बंद राहिला की उठल्यावर चाळीस सेकंद त्याला लाल बटण दिसत नाही. बाबांनी लिहून ठेवलंय. उद्या सकाळी मशीन लावू नका. निदान बटणाची वायर पहिल्यासारखी करेपर्यंत तरी."

"मॅडम, परवापासून मशीन चालू आहे. दिवसाला वीस वेळा लाल बटण दाबतोय आम्ही. एकदा चुकलं नाही."

"ते उद्याच चुकेल."

तो हसला. हसण्यात वाईट काही नव्हतं. "मराठी शिकवता तुम्ही, आणि आम्हाला बोर्ड शिकवता? दीड वर्ष काका नाही-नाही म्हणत होते, आता दिलं तर तुम्ही काढून घेताय. उद्या नऊला चाकणवरून गाडी येणारे माझ्याकडं, दोनशे ब्रॅकेट न्यायला. नाही दिले तर पुढची ऑर्डर दुसऱ्याला. हे तुम्ही समजून घ्या."

"सकाळी मशीन कोण लावतं?"

"कस्तुराबाई. सहाला शेड उघडते. बारा वर्षं ऑपरेटर आहे, तिला कुणी शिकवायला नको."

"त्यांचा नंबर द्या मला."

"माझ्या माणसांना घाबरवू नका मॅडम. मी बघतो."

फोन ठेवला गेला. 'बघतो' म्हणजे काय, हे मराठी शिकवणाऱ्या बाईला पुरतं कळत होतं. तिने पुन्हा फोन लावला. तो वाजत राहिला. तिसऱ्यांदा लागलाच नाही.

दुपारी ती रिक्षाने तळवड्याला गेली. गुरुवारी तिथे कुणी भेटणार नाही हे तिला ठाऊक होतं, तरी घरात बसवत नव्हतं. गल्लीत दोन्ही बाजूंना शटर ओढलेली, कुत्री सावलीला पसरलेली. एरवी जिथे बोललेलं ऐकू येत नाही, तिथे तिला स्वतःच्या चपलांचा आवाज येत होता. बंटीच्या शेडला दोन कुलपं होती. शटरच्या फटीला डोळा लावला तर आत काळोख, आणि काळोखात काहीतरी उंच, अंगाने रुंद. ती पटकन मागे सरली. बंद मशीनची भीती वाटावी हे तिला स्वतःलाच चमत्कारिक वाटलं, पण वाटली खरी. आत तो बोर्ड या घटकेला थंड होत पडला होता.

समोरच्या टपरीच्या बाकावर एक म्हातारा तंबाखू मळत बसला होता. टपरी त्याचीच, भिवा त्याचं नाव.

"आज बेस्तरवार हाय बाई. कोन न्हाई गावायचं."

"कस्तुराबाई कुठे राहतात, माहीत आहे का?"

"पल्याड, रूपीनगरात कुठंतरी. घर न्हाई बगितलं आमी. पन सकाळी सहाला यायची म्हंजी यायची. शटर उगडायच्या आधी च्या घेती हितं."

"तिला एक निरोप द्याल? मशीन लावू नको म्हणावं. आत हात घालू नको म्हणावं."

भिवाने तिच्याकडे नीट बघितलं. "सुक्रवारी मी साडेसातला उगडतो. दूधवाला उशिरा येतो."

तिने वहीचा कोरा कागद फाडला, मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि शटरखालून आत सरकवला.

"व्हय, टाका," भिवा म्हणाला. "पर तितं रोज जाहिराती पडत्यात. झाडूनच आत जाती ती."

"त्या सकाळी काय काय करतात, तुम्ही पाहिलंय?"

"बगतोच की रोज. सुक्रवारी कंप्युटर लावती, लाल बटान दाबती, आन् त्यो जागा हुईस्तवर आतनं मशीन पुसून घेती. हातानं, फडक्यानं. मग हळद-कुकू लावून बटान सोडती. लई नेमाची बाई."

नीलिमाने वही पुन्हा उघडली. बाबांनी लिहिलेलं एकेक वाक्य आता तिला दिसायला लागलं. मशीन जागी झाली की आपली जागा ओळखायला बीम एकदा खाली येऊन वर जातो. लाल बटण दाबलेलं असलं तर तो येत नाही. म्हणून बाई निर्धास्त हात घालते. बारा वर्षं घालत आलीये. आणि उद्या बटण दाबलेलं असेल, पण त्या बोर्डाला ते दिसणार नाही.

लहानपणी बाबा तिला वर्षातून एकदा भिमाजींकडे न्यायचे. भिमाजी बाबांच्याच खात्यातले. पेढा देताना ते डावा हात पुढे करायचे, कारण उजव्या हाताला अंगठा तेवढा राहिला होता. परतताना बाबा स्कूटरवर कधी बोलत नसत.

रात्र कशी गेली ते सांगण्यात अर्थ नाही. पाच वाजता ती खाली उतरली. रिक्षा बोलावून पाहिली, मिळेना. मग बाबांची स्कूटर. दोन महिने ती कुणी हलवली नव्हती, सीटवर धुळीचा थर होता. नीलिमाने किक मारली. दुसरी, तिसरी. आठव्या किकेला गाडी खोकली आणि गप्प झाली. वरच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी उघडून खाली पाहिलं. तिने चोक ओढला आणि बाबा म्हणायचे तसं गाडीला मिनिटभर उसंत दिली. ते मिनिट तिने मोजलं. अकराव्या किकेला गाडी चालू झाली तेव्हा साडेपाच वाजून गेले होते.

काळेवाडी, चिंचवड, निगडी. एका वळणावर रस्ता खणून ठेवला होता, तिथून मागे फिरावं लागलं. सहा वाजून चार मिनिटांनी ती गल्लीत शिरली.

शटर अर्धं वर होतं. आतून दिव्याचा पांढरा उजेड रस्त्यावर पडला होता. आणि आवाज येत होता, पंपाचा, एकसारखा.

तिने स्कूटर स्टँडला लावलीच नाही. ती तशीच आडवी झाली. शटरखालून तिला दोन पाय दिसले, मशीनपाशी उभे. पायांत रबरी चपला, वर हिरव्या साडीचा काठ. पाय हलत नव्हते. अजिबात हलत नव्हते.

नीलिमा वाकून आत गेली. एक ठेंगणी, पन्नाशीची बाई तिच्याकडे पाठ करून उभी होती. तिचे दंड दिसत होते, हात दिसत नव्हते. मशीनचा बीम वर होता. खालच्या खाचेत एक लाल फडकं अडकलं होतं, मधोमध दाबून वाकवलेलं, पत्रा वाकवावा तसं.

"कस्तुराबाई." नीलिमाने हाक मारली. "कस्तुराबाई, हात... हात दाखवा."

बाई वळली. तिचे दोन्ही हात काखांत घट्ट धरलेले होते, थंडीत धरावेत तसे. चेहरा राखेसारखा.

"हात दाखवा हो."

कस्तुराबाईने हात बाहेर काढले आणि उघडे पुढे धरले. नीलिमाने ते धरून पाहिले. एकेक बोट बघितलं. दहाच्या दहा. मग ती तिथल्या पत्र्यांच्या थप्पीवर बसली.

"कोन हाव तुमी?" कस्तुराबाईने विचारलं.

"बटण दाबलं होतं ना तुम्ही?"

"दाबलं की! हे बघा, दाबलेलंच हाय." लाल बटण खरंच खाली बसलेलं होतं. "बटन दाबलं की पंपाचा आवाज खाली बसतो. बारा वर्ष ऐकायले मी. आज बसलाच न्हाई. फडकं टाकलं होतं आत, हात घालायची, तर म्हनलं आवाज कामून चालू हाय? थांबले. अन् आलं की वरून. माझ्या म्होरं आलं खाली, फडकं धरलं, अन् गेलं वर. बटन दाबलेलं असून."

तेवढ्यात पंपाचा आवाज बदलला. घरघर खाली बसली आणि मशीन शांत झाली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. चाळीस सेकंद झाले होते.

नीलिमाने तिला सगळं सांगितलं. वही दाखवली. सॉफ्टवेअर मीच दिलं, असंही सांगितलं. कस्तुराबाईने ऐकून घेतलं, आणि मध्येच कोपऱ्यातल्या केरातून कालची चिठ्ठी उचलून झटकली. "ही तुमचीच का? मला वाटलं पानी-फिल्टरची जाहिरात."

सव्वासहाला दारात मोटरसायकल थांबली. बंटी आत आला. तिशीतला, डोळे तांबारलेले, कपाळावर जत्रेचा भंडारा तसाच.

"तुमच्या फोनने झोपू दिलं नाही राव," तो नीलिमाला म्हणाला. "चारला निघालो." मग त्याचं लक्ष फडक्याकडे गेलं. "हे काय झालं?"

कस्तुराबाईने सांगितलं. बंटीने लाल बटण सोडलं, मशीन चालू केली, बटण दाबलं. मशीन जागच्या जागी थांबली. पुन्हा केलं. पुन्हा थांबली. चार वेळा, पाच वेळा. कंप्युटर बंद करून परत लावला, तरी बटण बरोबर चाललं.

"चालतंय की," तो म्हणाला. "मावशी, नक्की दाबलं होतं? घाईत अर्धवट राहतं कधीकधी."

"आता चालतंय. तवा न्हवतं चालत."

"बाबांनी हेच लिहिलंय," नीलिमा म्हणाली. "आता दिवसभर ते असंच बरोबर चालेल. पुढच्या शुक्रवारपर्यंत कुणालाही खोटं वाटेल."

बंटीने घड्याळ बघितलं. "पुढच्या गुरुवारी वायर बदलून घेऊ. शब्द देतो. आज गाडी जाऊ दे. मावशी, लावा पहिला जॉब."

कस्तुराबाई जागची हलली नाही. तिने खाचेतलं फडकं ओढून काढलं. त्याच्या मधोमध काळी, धारदार घडी पडली होती. तिने ते बंटीच्या हातात दिलं.

"घडी मोडा बरं ही."

बंटीने फडकं ताणलं. घडीवर कापड कापलं गेलं होतं, तिथून ते टरकन फाटलं.

"वायर काढा. मग हात घालते मी."

"मावशी, तास जाईल त्यात. नऊला गाडी आहे..."

"जाऊ द्या तास. हात माझा हाय."

भिंतीवरची जुनी पेटी अजून तिथेच होती, मंगळवारी बंटीने तिच्यातून फक्त वायर उपटल्या होत्या. त्याने मुख्य स्विच पाडला, स्टूल घेतलं आणि वर चढला. नीलिमा खाली बॅटरी धरून उभी राहिली.

"काकांना मी बरंच काय काय लिहिलं ना," तो वायर सोलत म्हणाला. तिच्याकडे न बघता.

"हो."

"ते वाचायचे सगळं?"

"अगदी शेवटच्या दिवसांत त्यांना पडद्यावरचं दिसत नव्हतं. मी वाचून दाखवायचे."

बंटीचा हात थांबला. "काय म्हणायचे?"

"म्हणायचे, पोराची मशीन बंद पडली असेल. गरज असली की माणसं चिडतातच."

त्याने एक स्क्रू घट्ट केला, आणखी एक केला. "आणि ते जे मी गेल्या शुक्रवारी लिहिलं," तो म्हणाला, "ते..."

"ते मी एकटीनेच वाचलं," नीलिमा म्हणाली.

पावणेसातला वायर जागेवर बसली. तास लागला नाही. कस्तुराबाईने बटण दाबून पंपाचा आवाज ऐकला, सोडून ऐकला, पुन्हा दाबला. मग लांब दांड्याचा ब्रश आणून तिने मशीन आतून पुसली. ब्रश शेडमध्ये आधीपासून होता. मशीनला हळद-कुंकू लावून उरलेलं बोटभर तिने नीलिमाच्या कपाळाला टेकवलं. नीलिमा थोडी वाकली.

बाहेर येऊन तिने स्कूटर उभी केली. आरशाला तडा गेला होता. मोबाइल काढून 'सांध्या'चं पान उघडलं. रात्रीतून आणखी उत्तरं आली होती. बंटी सोडून राहिलेल्या साठपैकी बावन्न जणांनी लिहिलं होतं, काढलं. आठ जणांचं काही नव्हतं. ते कोण, कुठे, हे पान सांगत नव्हतं. कुठल्यातरी दुसऱ्या देशात असतील. कुदळवाडीत असतील. याच गल्लीत असतील.

भिवा अजून यायचा होता. गल्लीच्या टोकाकडून एक शटर वर गेलं, मग दुसरं. कुणीतरी कुणाला तरी हाक मारली. सात वाजले तसा तळवड्यात कुठेतरी पहिल्या शिफ्टचा भोंगा झाला. एका शेडमध्ये पंप सुरू झाला, मग शेजारच्या, मग समोरच्या.

नीलिमा स्कूटरचं हँडल धरून उभी राहिली. घरी जाऊन त्या आठ जणांना पुन्हा लिहायचं होतं. पण पाय उचलेना. एकेक मशीन जागी होताना ऐकत तिने मनातल्या मनात मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. चाळीसपर्यंत पोचायच्या आत पलीकडे आणखी एक सुरू व्हायची, आणि ती पुन्हा एकपासून मोजायची.